कोणाच्या वर्षांनी

यंत्रानं नानाला खोटारडा ठरवलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात कठड्यावर पाय सोडून बसले होते. ह्याच शाळेतून मी आठवीत बाहेर पडले. वहीला मासळीचा वास येतो असं मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मग मी ती वही त्यांच्याच टेबलावर झटकली. त्यात दोन-चार खवले होते, खोटं कशाला बोलू. परत ह्या व्हरांड्यात पाय ठेवायचा नाही असं ठरवलेलं. नानासाठी आले.

"नाव?"

"शमसुद्दीन इब्राहिम होडेकर."

"वय?"

"ह्या रमजानला ब्याऐंशी पुरी."

टेबलामागे कुडाळकर भाऊसाहेब होते, तालुक्याचे क्लार्क. त्यांनी नानाच्या करंगळीला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला आणि काच यंत्रात सरकवली. यंत्र कुकरएवढं. चार मिनिटं गुरगुरलं आणि कागदाची पट्टी बाहेर टाकली.

"एकोणऐंशी वर्षं, सहा महिने." भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "अडीच वर्षं वाढवून सांगितलीत आजोबा. ह्या वयात लोक कमी करून सांगतात."

रांगेत दोघं-तिघं हसले. भाऊसाहेबांनी लाल शिक्का उचलला आणि नानाच्या नावापुढे दाबला. असत्य.

नाना माझ्या अम्मीचा बाप. साठ वर्षं होडी चालवली, पन्नास वर्षं आमच्या कातळबंदरात रमजान-ईदच्या चांदाची साक्ष दिली. त्याला चांद दिसला म्हणजे दिसला, मशिदीत दुसरा साक्षीदार हवा म्हणून बोलवायचे तेवढंच. त्यानं त्या शिक्क्याकडे बघितलं, करंगळी धोतराला पुसली आणि पायऱ्या उतरला.

मी उतरले ती थेट टेबलापाशी.

"शिक्का काढा."

"तू कोण?"

"त्याची नात. माझा नाना खोटं बोलत नाही."

"मी कुठे म्हणतो? यंत्र म्हणतं." भाऊसाहेबांनी पुढच्या माणसाला खूण केली. "यंत्राशी भांड."

मी भांडलेही असते. पण यंत्राला कान नव्हते.

*

हे शिबिर का लागलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात तालुक्याचं दप्तर बुडालं आणि त्याची कॉम्प्युटरमधली नक्कल ज्या खोलीत होती तीही बुडाली. जन्माच्या नोंदी गेल्या. जुन्या कार्डांवरच्या तारखा तर आधीपासूनच गमतीच्या होत्या. आमच्या वाडीत शाळेत गेलेल्यांचा वाढदिवस एक जून, न गेलेल्यांचा एक जानेवारी. मास्तर किंवा कार्डवाला लिहील ती तारीख. म्हणून सरकारनं ही यंत्रं आणली. लोक त्यांना 'सुई' म्हणतात.

सुई काय करते ते शिबिराच्या डॉक्टरीणबाई पाध्येमॅडमनी पहिल्याच दिवशी वाडीत येऊन समजावलं होतं आणि मला ते एका फटक्यात कळलं, कारण मी होडीच्या बुडाची कालवं खरवडलीत. होडी पाण्यात जितके दिवस तितकी बुडाला कालवं जास्त. जाणता माणूस बूड बघून सांगतो, ही होडी पाण्यात किती महिने आहे. तसंच आपल्या रक्तातल्या पेशींत जो डीएनए असतो, त्याच्यावर वयाप्रमाणे बारीक रासायनिक ठिपके चिकटत जातात, काही ठिकाणचे झडत जातात. ते मोजायचे. पूर्वीची यंत्रं दोन-तीन वर्षं चुकायची, कारण विडी ओढणाऱ्याच्या अंगावर ठिपके लवकर चढतात, घाण पाण्यातल्या होडीवर कालवं चढतात तसे. नवं यंत्र असे लबाड ठिपके सोडून देतं आणि फक्त इमानानं चालणारे मोजतं. चूक झालीच तर आठवड्याभराची.

म्हणजे नाना एकोणऐंशी वर्षं सहा महिन्यांचा होता, ह्यात वाद नव्हता. हेच तर मला झोंबत होतं. यंत्र खरं होतं. आणि नाना पण खरा होता.

आणि 'असत्य'चा अर्थ नुसता अपमान नव्हता. सांगितलेलं वय आणि मोजलेलं वय ह्यांत एका वर्षापेक्षा जास्त फरक आला की शिक्का. शिक्का बसलेल्या माणसाची साक्ष कोणत्याही सरकारी चौकशीत धरायची नाही. पुढच्या सोमवारी वाळवणाची चौकशी होती. वाळवण म्हणजे वाडीखालची वाळूची पट्टी, तिथं अख्खी वाडी बोंबील सुकवते. तिथं मोठा धक्का बांधायचाय, बिनमाणसांच्या बोटी लावायला. ही पट्टी आम्हाला कधी, कशी दिली, हे डोळ्यांनी बघितलेला एकच माणूस जिवंत होता. बाकीचे सगळे कबरस्तानात.

*

दुसऱ्या दिवशी शाबानची, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याची, एकोणतीस. सूर्य बुडायच्या वेळी पुरुष बुरुजाखालच्या कातळावर चांद बघायला जमले, नेहमीसारखे. सप्टेंबर संपत आलेला, पश्चिमेला ढगांच्या फटी. नाना आला नाही.

मी घरी धावत गेले. नाना ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. जाळ्याला काही झालेलं नव्हतं.

"चल ना. सगळे थांबलेत."

"जाऊं दे गो बाय."

"का जाऊं दे?"

"कागदावर मी असत्य. असत्याची साक्ष चांदाला चालत नाही."

"तो कागद माझ्या हातात दे, मी त्यात बोंबील बांधते."

तो हसला नाही. मला त्याच्यावरच राग आला. इतकी वर्षं समुद्रापुढे वाकला नाही, आणि एका रबरी शिक्क्यापुढे वाकला.

मी परत कातळावर गेले. ढगाच्या फटीत, आडवा, केसाएवढा चांद. पापणी लवली तर हरवेल असा. "तो बघा," मी ओरडले. मग कोणाला दिसला, कोणाला नाही, शेवटी शहरातून फोन आला आणि रमजान लागला. जाताना सगळे एकदा तरी आमच्या ओट्याकडे बघून गेले.

घरी अम्मी पीठ मळत होती. "ह्या वर्षी अजून पाऊस आहे बघ," ती म्हणाली. "गेल्या वर्षी रमजान लागला तेव्हा ऑक्टोबरची दहा तारीख होती. ऊन तापायला लागलेलं."

"आणि माझा पहिला रोजा कडक थंडीत," ओट्यावरून नाना बोलला. दोन दिवसांत तो आपणहून पहिल्यांदा बोलला. "आठ वर्षांचा होतो. दिवस एवढासा, भूक लागायच्या आत मगरीब, रोजा सोडायची वेळ. मग पंचविशीत आला तो जूनमध्ये. संपता संपत नाय दिवस. रमजान अख्खं वर्ष फिरतो गो. फिरून फिरून जागेवर यायला त्याला तेहतीस वर्षं लागतात. माझ्या जन्मात दोनदा फिरला, आता तिसऱ्या फेरीत आहे."

मी भाकरीचा तुकडा हातातच धरून बसले.

"नाना, तू ब्याऐंशी कसा मोजलास?"

"कसा म्हणजे? रमजानात जन्मलो. एक रमजान, एक वर्ष. आईनं तसाच मोजला, मी तसाच मोजला."

*

शिबिरात भिंतीवर यादी लावलेली असायची. नाव, सांगितलेलं वय, मोजलेलं वय, शेरा. मी सकाळी जाऊन ती कागदावर लिहून घेतली. आमच्या वाडीच्या एकेचाळीस नावांपुढे लाल. मग खाडीपलीकडच्या कोळीवाड्याची यादीही उतरवली, त्यांचं शिबिर आधी झालं होतं.

कोळीवाड्यात चुका दोन्ही बाजूंना होत्या. कोणी दोन वर्षं वाढवलेली, कोणी चार कमी केलेली, कोणी अगदी बरोबर. माणसं चुकतात तशी. आमच्या वाडीत एकजात सगळे एकाच बाजूला चुकलेले. आणि चौतिशीच्या आतला एकही माणूस लाल नव्हता. चौतिशीच्या वरचे सगळे लाल. जैनबखाला, जी बाजारात माझ्याशेजारी बसते, तिनं अडुसष्ट सांगितली आणि निघाली सहासष्ट. तिच्या लेकानं चौतीस सांगितली, निघाली तेहतीस, एका वर्षाच्या माफीत कसाबसा सुटला. नानानं ब्याऐंशी, फरक अडीच वर्षांचा.

चौतिसाला एक. अडुसष्टाला दोन. खोटं बोलणारे असे हिशोबात खोटं बोलत नाहीत.

चांद बारा वेळा उगवून मावळला की आमचं वर्ष झालं. तीनशे चोपन्न दिवस. सूर्याचं वर्ष तीनशे पासष्टाचं. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो, म्हणून रमजान दर वर्षी अकरा दिवस आधी येतो. आणि असे अकरा-अकरा दिवस साठत गेले की सूर्याच्या तेहतीस वर्षांत चांदाची चौतीस होतात. नाना दोन्हीकडून खरा होता. जगला तेवढेच दिवस जगला. नुसती काठी वेगळी होती मोजायची.

मी तशीच शाळेत घुसले. वर्ग रिकामा होता, फळ्याखाली खडू होता. सगळी यादी फळ्यावर मांडली आणि पाध्येमॅडमना हाताला धरून आणलं. मागून कुडाळकर भाऊसाहेब डबा सोडून आले. अम्मी आणि नानाही आले, कारण "सफूरा परत शाळेत भांडतेय" ही बातमी वाडीत माझ्या आधी पोचते.

मॅडमनी एकेक ओळ बोटानं तपासली. "हे कोणी शिकवलं तुला?"

"यादीनं."

भाऊसाहेबांना पटेना. "चांद्रमास तर आमच्यातही आहेत. गणपती चांदावरच येतो. आमचे गणपती कधी उन्हाळ्यात आले नाहीत. मग तुमचीच वर्षं कशी पळतात?"

नाना दारातून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचा लगीन झालाय?"

"झालंय. का?"

"सासुरवाडीस्न अनारसे येतात?"

"येतात की. धोंड्याच्या महिन्यात. दर तिसऱ्या वर्षी..." भाऊसाहेब बोलता बोलता थांबले. "अधिक महिना."

"तुमचे अकरा-अकरा दिवस साठून एक महिना झाला की तुम्ही तो मधे घालून टाकता. जावयाला गोड घालता आणि सूर्याच्या बरोबरीला येता. आमच्यात तो घालत नाय. मनाई आहे. आमचा चांद सूर्यासाठी थांबत नाय."

"म्हणजे तुमच्यात धोंडाच नाही?"

"नाय."

"मग जावयाचं काय?"

"त्याला रोज मासळी," जैनबखाला खिडकीतून म्हणाली. आता बाहेरही गर्दी जमली होती. तिनं आत मान घातली. "माझ्यापुढचा लाल पुसा आधी. अडुसष्ट वर्षांत एकदाच खोटं बोलले, ते नवऱ्याशी."

पण मॅडम हसल्या नाहीत. त्या विचारात होत्या. "मला पटलंय," त्या म्हणाल्या. "पण जिल्ह्याला पटवायचंय. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्दांना परवानगी आहे, सत्य आणि असत्य. तिसरा लिहायचा तर मला ठाम काहीतरी दाखवावं लागेल. ते म्हणतील, आकडे आल्यावर कोणीही सूत्र बसवेल. किंवा म्हणतील, वाडीनं मिळून ठरवून सांगितलं."

"ठरवून?" मी टेबलावर हात आपटला. रोज्यात भांडू नये म्हणतात, तेवढं मला जमत नाही. "आमच्या वाडीत पाण्याचा नळ कुठे बसवायचा ते सहा वर्षं ठरत नाहीये."

"मी म्हणत नाही, ते म्हणतील. आकडा यायच्या आधी कोणी सांगितला, आणि मग यंत्रानं तोच दिला, तर कोणाला काही बोलता येणार नाही. पण असा माणूस हवा ज्याचं रक्त अजून तपासलेलं नाही. मोठे तर सगळे झाले."

उरले होते वीस वर्षांच्या खालचे. त्यांची पाळी पुढच्या वर्षी. खिडकीतल्या आयांनी आपापल्या पोरांना मागे ओढलं. बरोबर होतं त्यांचं. कोणाची परीक्षा, कोणाची भरती, सगळी आईच्या शब्दावर लिहिलेल्या तारखेवर चाललेली. ती सहा महिने हलली तर सगळंच हललं.

माझंही तेच होतं. तांडेलच्या, म्हणजे होडीच्या मुख्याच्या, परवान्याला अठरा पुरी लागतात. मी परीक्षा पास झाले होते, पहिल्या फटक्यात, सगळ्यांत जास्त गुणांनी. आठवीत शाळा सुटली म्हणून हसलेल्या सगळ्यांना दाखवायला मी तो निकाल मोबाइलवर ठेवून फिरत होते. अम्मीनं लिहून दिलं होतं, मुलगी अठरा वर्षांची. येत्या बुधवारी परवाना मिळणार होता. नानाच्या होडीवर, नानाच्या जागी, कायद्यानं, मी.

अम्मी शबे-बरातवरून, म्हणजे शाबानच्या पंधराव्या रात्रीच्या सणावरून, माझी वर्षं मोजते. त्या दिवशी जन्मले म्हणून. अठरा शबे-बराती झाल्या, दोन आठवड्यांपूर्वी.

मी फळ्यावरचा हिशोब बघितला. अठरा चांदाची. त्यातून अठरा वेळा अकरा दिवस वजा, वर हे दोन आठवडे. मग खडू उचलला.

"सफू." अम्मीचा आवाज एकदम बारीक झाला. तिला कळलं होतं. "बुधवारी परवाना आहे."

"माहितीय."

"हात खाली कर गो," नाना म्हणाला. "माझ्यासाठी नको करू. मी म्हातारा. आज आहे, उद्या नाय."

"तुझ्यासाठी कोण करतंय?" मी म्हणाले. "तू सोमवारी गेला नाहीस तर मी बोंबील कुठे सुकवू? यंत्रावर?"

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सफूरा. साडेसतरा वर्षं, वर दोन-चार दिवस. मॅडमना म्हटलं, फोटो काढा, वेळेसकट. त्यांनी काढला. मग मी व्हरांड्यात जाऊन भाऊसाहेबांसमोर करंगळी धरली.

भाऊसाहेबांनी सुई उचलली आणि थांबले. "पोरी, आईनं लिहून दिलंय ते चालतंय तुझं. पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारणार नाही. तोवर तू सूर्याचीही अठरा होशील."

"टोचा."

"विचार कर."

"भाऊसाहेब, तुम्हाला अनारसे आवडतात ना? मग सूर्याला तुम्ही गाठा, मला लपायला शिकवू नका. टोचा."

त्यांनी टोचलं. चार मिनिटं. पट्टी बाहेर आली ती भाऊसाहेबांनी वाचली नाही, मॅडमकडे दिली. मॅडमनी वाचली आणि फळ्यापाशी जाऊन आकड्याखाली धरली.

सतरा वर्षं, सहा महिने, तीन दिवस.

*

मॅडम संध्याकाळपर्यंत फोनवर होत्या. वरच्यांशी त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण एकदा त्यांचा आवाज व्हरांड्याबाहेर आला. "साहेब, मोजमाप बरोबर असेल आणि निष्कर्ष चुकीचा असेल तर त्याला विज्ञान म्हणत नाहीत." मला त्या बाई आवडल्या.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस नावांपुढे हातानं लिहिलेला तिसरा शब्द होता. चांद्रवर्षे. लाल शिक्का खाली तसाच होता, त्याच्यावर आडवी रेघ. मी म्हटलं, पुसा की पूर्ण. मॅडम म्हणाल्या, नको, चूक झाली होती हे दिसू दे. ते मला पटलं.

सोमवारी नाना चौकशीला गेला. धुतलेलं धोतर, टोपी, पायात माझ्या चपला, कारण त्याच्या सापडेनात. धक्केवाल्यांचा वकील तरणा होता, कडक इस्त्रीचा. त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"वय किती आपलं?"

नानानं त्याच्याकडे नीट बघितलं.

"कोणाच्या वर्षांनी?"

वकील गडबडला. "म्हणजे?"

"सूर्याच्या एकोणऐंशी आणि सहा महिने. चांदाच्या ब्याऐंशी. दोन्ही सरकारनं लिहून दिलेली आहेत. तुम्हाला कोणती हवी ती घ्या. वाळवण दोन्ही वर्षांनी आमचाच आहे."

मागच्या बाकावर कुडाळकर भाऊसाहेब बसले होते, रजा टाकून. ते शेजारच्याला समजावत होते, "त्यांच्यात धोंडा नसतो ना."

नाना दोन तास बोलला. जुनी वाळूची पट्टी कोणत्या वादळात वाहून गेली, त्याबदली ही पट्टी दाखवायला कोणता अधिकारी आला, त्याच्या बुटात पाणी कसं गेलं, सगळं. एकही शब्द कोणाला खोडता आला नाही. निकाल यायचाय. पण साक्ष कागदावर गेली, नानाच्या नावानं, त्याच्या अंगठ्यानं. त्या संध्याकाळी तो इफ्तार आटोपून ओट्यावर उभा राहिला आणि किती दिवसांनी मान वर करून चांद बघितला. मी न विचारता म्हणाला, "पाच रोजे झाले."

बुधवारी मी बंदरखात्यात गेले. यंत्राची पट्टी आता माझ्या नावाला चिकटली होती. खिडकीतल्या माणसानं परवाना ड्रॉवरमधून काढला, माझा फोटो असलेला, परत आत ठेवला. "अठरा पूर्ण नाहीत. मार्चच्या शेवटी ये. हा नवा अर्ज भर."

मी भरला. वयाच्या चौकटीत लिहिलं: १८ / १७½.

"एकच आकडा लिही."

"दोन्ही खरे आहेत."

"एवढ्याशा चौकटीत दोन बसत नाहीत."

"मग चौकट मोठी करा," मी म्हटलं. "मार्चपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

अर्ज तिथंच ठेवला आणि धक्क्यावर गेले. भरती लागली होती. नाना होडीत सुकाणू धरून बसला होता, कागदावरचा तांडेल. मी दोरी सोडली, उडी मारली, तेव्हा तो सुकाणूवरून सरकला आणि मला जागा केली.

"बंदराबाहेर गेल्यावर," मी म्हटलं. "इथं नको. ते खिडकीतून बघतायत."

"बघू देत गो," नाना म्हणाला.

पण मी बंदराबाहेर जाईपर्यंत थांबले. सहा महिने थांबणार आहे, तर दहा मिनिटं काय.